आतून कडी

रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, नवऱ्याने बाथरूमच्या दाराला आतून कडी बसवली. स्टीलची, चकचकीत, बोटभर लांबीची. मी भांडी विसळत होते. ड्रिलचा आवाज आला तेव्हा वाटलं, आरसा लावतोय, कारण आरसा लावायचाच होता. हात पुसत बघायला गेले तर हा गुडघ्यांवर बसलेला, दातांत स्क्रू धरलेले, आणि चौकटीला पाडलेल्या भोकातला लाकडाचा भुगा फुंकून काढतोय. सगळे स्क्रू पिळून झाले तसा उठला, दोन्ही गुडघे झटकले आणि म्हणाला, "सरकवून बघ." मी सरकवली. कडी खट्‌कन आत गेली आणि खट्‌कन बाहेर आली. "एकदम मऊ, नाही?" एवढं म्हणून तो आरशाच्या मागे लागला. दूध तापायला लागतो त्याहूनही कमी वेळ या कामाला लागला होता. माझ्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली आणि या घरातल्या बाथरूमला पहिलं वर्ष सोडलं तर मी आज पहिल्यांदा आतून कडी बघत होते. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी परत जाऊन उरलेली भांडी विसळली. आला होता तो राग, हे मला भांडी पुसून ठेवताना कळलं.

कडी माझ्यासाठी नव्हती. आमचं हे घर विकून लिफ्टवाल्या नव्या इमारतीत राहायला जायचं ठरलं तेव्हापासून आमच्याकडे एक दलाल येतो. त्याच्या शर्टाला कधी घडी मोडलेली दिसत नाही, म्हणून मी मनात त्याला इस्त्री म्हणते. पहिल्याच दिवशी त्याने सगळं घर फिरून पाहिलं, बाथरूमच्या उंबऱ्यावर थांबला आणि नाकपुड्या बारीक केल्या. "वहिनी, घर झकास आहे हो, पण इथे येऊन गिऱ्हाईक बिचकणार. तोडफोड करू नका, उगाच पैसा घालू नका. थोडक्यात भागवू." मग त्याने भागवायचं कसं ते सांगितलं, आणि नवरा मान डोलावत ऐकत राहिला. फरश्यांमधल्या काळ्या पडलेल्या रेघा खरवडून पांढऱ्या करा. भिंतीवरच्या चॉकलेटी टाइल्स काढू नका, त्यांच्यावर मारायचा रंग मिळतो, तो मारा. नळांवरचे पाण्याचे डाग व्हिनेगर लावून काढा. कमोडचं झाकण नवीन. पिवळा बल्ब काढून पांढरा दिवा. आरसा मोठा, म्हणजे जागा मोठी दिसते. बादल्या, तांबे, दात घासायचे ब्रश, औषधी तेलाच्या बाटल्या, सगळं दृष्टीआड. "माणसं राहतात असं वाटायला नको," इस्त्री म्हणाला. आणि जाता जाता दार पुढेमागे करून म्हणाला, "अरे, याला कडी कशी नाही? लावून घ्या साहेब. बायका आत गेल्या की पहिली कडी बघतात." नवरा म्हणाला, "हो हो, लावतो की." मी तिथेच चहाचे कप घेऊन उभी होते. बायका पहिली कडी बघतात हे याला एका परक्या माणसाने सांगितलं आणि याला ते पटलं.

कडी पूर्वी होती. मी लग्न होऊन आले तेव्हा होती; पितळेची, जड, लावताना दोन्ही हात लागायचे. पहिल्याच वर्षी सासऱ्यांना आंघोळ करताना चक्कर आली आणि ते आत पडले. हाका मारल्या, उत्तर नाही. शेजारचे आले, खालच्या मजल्यावरचे आले, कुणीतरी पहार आणली आणि दार फोडलं. सासऱ्यांना खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. पण शुद्धीवर आले तेव्हा अंगावर कपडा नव्हता आणि दारात अर्धी इमारत उभी होती. तो अपमान त्यांनी आम्हा सगळ्यांकडून वसूल केला. दार दुरुस्त झालं, कडी परत लागली नाही. भोकं लांबी भरून बुजवली. घराला नियम घालून दिला: आत जाणाऱ्याने बाहेरच्या खुंटीवर टॉवेल टाकायचा, आणि बाहेर पाऊल वाजलं की आतून खोकायचं. सासरे त्यानंतर पुष्कळ जगले, ठणठणीत जगले, पुन्हा कधी पडले नाहीत. नियम मात्र त्यांच्यापेक्षाही ठणठणीत निघाला.

टॉवेल टाकायचा म्हणजे पुसायला आत काही नाही. मग एक टॉवेल बाहेर, एक आत. बाहेरचा कुणीतरी वाळत घालायला उचलून न्यायचं, की झालं. मी अंगाला साबण लावताना नेहमी दाराकडे पाठ करायची. समोरून कुणी पाहण्यापेक्षा पाठीवर बरं, असं तेव्हा वाटायचं, आता त्यातलं शहाणपण काय ते मलाही सांगता येणार नाही. दाराची फट थोडी जरी रुंदावली तरी ओल्या पाठीला गार वारा लागायचा. पाणी अंगावर घेताना एक कान दाराशी. डोक्यावरून पाणी घेतलं की कान बंद होतात, म्हणून डोक्यावरून मी भरभर घ्यायची. नवरा खोकायचा तो खर्जात, सासरे खोकायचे ते दरडावल्यासारखं, माझी मुलगी लहान असताना खोटंखोटं खोकून आतच खिदळायची. सासूबाईंना खोकला ऐकू यायचा, पण तो त्यांच्यासाठी नसायचा. त्या सरळ आत यायच्या. कपड्यांचा साबण हवा, तांब्या हवा, गुडघ्यांचं तेल आत राहिलं. मी अंग चोरून कोपऱ्यात उभी राहायची आणि त्या शांतपणे हवी ती वस्तू शोधायच्या. "मेली लाजतेस काय एवढी? मीही बाईच आहे ना?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना हवं ते साबणाच्या खणात होतं आणि मध्ये मी उभी होते, इतकंच.

माझी आई गेली त्या दिवशी भावाचा फोन सकाळी आला. घरात पाहुणे होते, सासऱ्यांच्या बहिणीकडचे, आणि गाडी दुपारची होती. रडायला घरात जागा नव्हती. मी टॉवेल खुंटीवर टाकून आत गेले, नळ पूर्ण सोडला आणि पाटावर बसले. रडू आलं तेवढ्यात बाहेर पाऊल वाजलं. मी खोकले. पाऊल गेलं. पुन्हा रडू जमवलं, पुन्हा पाऊल. पाहुण्यांना नियम ठाऊक नव्हता, ते दारावर हात ठेवत होते. मी खोकत होते आणि रडत होते आणि हळूहळू मलाच कळेना की घशातून कोणतं काय येतंय. शेवटी कुणाचंतरी पोर दार ढकलून आत आलं, माझ्याकडे बघितलं आणि बाहेर जाऊन मोठ्याने म्हणालं, "काकू नुसती बसलीये!" मी उठले, तोंड धुतलं आणि बाहेर येऊन त्याला जागा करून दिली. आईसाठी मी नीट अशी कधी रडलेच नाही. गाडीत बसले तोवर डोळे कोरडे होऊन गेले होते.

कडी मी मागितली नव्हती असं नाही. नवी नवरी होते तेव्हा मागितली, तर म्हणाला, "बाबांचा विषय काढू नकोस सध्या." मुलगी मोठी व्हायला लागली तेव्हा मागितली. तिच्यासाठी तरी लावा, म्हटलं. तर म्हणाला, "आपल्याच घरात कुणापासून लपायचंय?" मग एकदा पगार झाल्यावर मीच दुकानातून एक कडी विकत आणली, स्क्रूसकट, आणि कपाटाच्या खणात ठेवली, सासू-सासरे गावाला जातील तेव्हा लावून घेऊ म्हणून. एक दिवस कामावरून आले तर ती कडी गॅलरीच्या दाराला. दार वाऱ्याने आपटायचं ना. "बरी आणून ठेवली होतीस, कामाला आली बघ," हा कौतुकाने म्हणाला. सासू गेल्या, मग सासरे गेले, मुलगी लग्न होऊन गेली, आणि मी पुन्हा विषय काढला. तेव्हा वर्तमानपत्रातून डोकंही वर न काढता म्हणाला, "आता तर दोघंच आहोत. आता कशाला हवीय?" तोंडावर मी त्याला अहो म्हणते. मनात अहो म्हणणं कधी सुटलं ते आठवत नाही, पण मला वाटतं, त्याच दिवशी.

मुलीची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना सांगून झालेली आहे. सासरी गेल्यावर ती बाथरूममध्ये खोकायची. तिकडे दाराला दोन-दोन कड्या आहेत, त्या लावूनही खोकायची. तिच्या सासूला वाटलं, पोरीला दमा आहे आणि माहेरच्यांनी लपवून ठेवला. छातीचा एक्स-रे काढून झाला. मग खरं काय ते कळलं आणि दोन्ही घरं पोट धरून हसली. जावई अजूनही नक्कल करून दाखवतो. नवऱ्याच्या डोळ्यांतून तर हसून पाणी येतं. मीही हसते. मुलगी हसत नाही, ती उठून पाणी आणायला जाते, हे माझ्याशिवाय कुणाच्या ध्यानात आलेलं नाही. आम्ही तिला दागिने दिले, भांडी दिली आणि हे दिलं.

मी कामाला आहे ती कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात, बायकांच्या मजल्यावर, कपडे घालून बघायच्या खोल्यांपाशी. दिवसभर मी बंद दारांसमोर उभी असते. बाई कपडे घेऊन येते, मी मोजून तिच्या हातात बिल्ला देते, ती आत जाते आणि कडीचा आवाज येतो. मला त्या आवाजावरून माणूस कळतं. काहीजणी लावतात आणि ओढून बघतात. काहीजणी इतक्या सहज लावतात की त्यांच्या घरी नेहमीच कडी असणार. कपडा बघायला जितका वेळ लागतो त्यापेक्षा बायका आत जास्त वेळ असतात. बाहेर नवरे पिशव्या घेऊन ताटकळतात आणि हाका मारतात, "झालं का गं?" आतून उत्तर येत नाही. नवरा माझ्याकडे बघतो, मी म्हणते, "आहेत आत, येतील." बाई उत्तर देत नाही ते मला फार आवडतं. काही झालेलं नसतं तिला, चक्कर आलेली नसते, काही नाही. नुसती उत्तर देत नाही. अशा वेळी मी कुणालाही दाराजवळ फिरकू देत नाही, आणि माझ्या वरच्या बाईला वाटतं, मी कामाला चोख आहे.

तर कडी लागली. आणि लागली त्याच दिवसापासून बाथरूम वापरायची बंदी झाली. टाइल्सचा रंग ओला होऊ द्यायचा नाही, आणि वाळल्यावरही डाग पडू द्यायचा नाही, गिऱ्हाईक कधीही येईल. आम्ही दोघं मागच्या जुन्या संडासाच्या बोळकंडीत बादली ठेवून, भिंतीला कोपर घासत आंघोळ करायला लागलो. त्या दाराला कडी नव्हतीच, दारच धड लागत नव्हतं. आणि इकडे बाथरूम पांढरंशुभ्र होऊन बसलेलं. घडी घातलेले पांढरे टॉवेल, ज्यांना हात लावायचा नाही. कुंडीत एक हिरवं रोप. नवरा येता-जाता दिवा लावून बघायचा. "इतकं सोपं होतं हे, आपण इतकी वर्षं का नाही केलं?" असं स्वतःशीच म्हणायचा, आणि मी तिथे असले तर माझ्याकडे बघून म्हणायचा. सासूबाई त्या चॉकलेटी टाइल्सवर हात टेकत टेकत शेवटची दोन वर्षं आत जात होत्या, तेव्हा दिवा उजळ हवा म्हणून मी सांगून थकले होते. त्याला त्यात काही खुपत नव्हतं. त्याला नवं बाथरूम मनापासून आवडलं होतं.

एका संध्याकाळी तो खाली गेलेला असताना मी आत गेले. आंघोळीला नाही. कपड्यांनिशी, कोरडी, चपला बाहेर काढून. कडी लावली आणि ओढून बघितली. मग कमोडच्या नव्या झाकणावर बसले. रंगाचा वास येत होता. पांढऱ्या दिव्यात माझे हात मला फारच म्हातारे दिसले. मला वाटलं होतं, आता काहीतरी होईल, रडू येईल, निदान हायसं वाटेल. कान दाराशीच होते. ते परत बोलवायला मला बराच वेळ लागला. मग हळूहळू खांदे खाली आले. ते इतकी वर्षं वर होते हे खाली आल्यावर कळलं. मी काहीच करत नव्हते आणि मी काय करतेय ते कुणाला दिसत नव्हतं. फार बरं वाटलं. इतकं बरं की त्याचीच भीती वाटली. तेवढ्यात घराचं दार वाजलं, पावलं आली, आणि दार ढकललं गेलं. ते उघडलं नाही. मी खोकले नाही.

"अगं?" आवाजात घाबरगुंडी होती. "अडकली की काय कडी? आत आहेस ना? अगं बोल ना!" मग दारावर दोन्ही हात. मग धावत जाऊन हत्यारांचा डबा उपडा केल्याचा आवाज. मी उठले आणि कडी काढली. हा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दारात उभा, कपाळावर घाम.

"काय झालं? चक्कर आली?"

"नाही."

"मग? कडी अडकली?"

"नाही. लावली होती."

"लावली होती? कशाला? काय करत होतीस?"

"बसले होते."

त्याने माझ्यामागे आत डोकावून पाहिलं. फरशी कोरडी होती, टॉवेलांची घडी मोडलेली नव्हती. त्याचा जीव भांड्यात पडला. "घाबरवलंस ना मला," तो म्हणाला, आणि खरंच घाबरला होता. नंतर त्याने कडीच्या पट्टीवर तेलाचा थेंब सोडला. बंद दारामागे बाई ठीक असू शकते हे त्याच्या डोक्यात शिरायलाच जागा नव्हती.

गिऱ्हाईक शेवटी एक तरुण जोडपं निघालं. त्यातली पोरगी थेट आत गेली आणि इस्त्रीने सांगितलं होतं तसं तिने पहिलं काम कडी लावायचं केलं. आम्ही बाहेर उभे. तिचा नवरा खिडक्या मोजत होता. त्याने बाहेरूनच विचारलं, "कसं वाटतंय?" ती काही बोलली नाही. तो खांदे उडवून दुसऱ्या खोलीत गेला. गेला! दाराला हात लावला नाही, पुन्हा हाक मारली नाही, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. माझा नवरा मात्र अस्वस्थ होऊन दाराशी येरझाऱ्या घालायला लागला. पोरगी सावकाश बाहेर आली आणि हसून म्हणाली, "घर आवडलं. बाथरूम आम्ही सगळं तोडूनच करू, ते काही नाही." इस्त्री म्हणाला, अर्थातच, अर्थातच. नवऱ्याचा चेहरा पडला. तेवढा एक क्षण मी मनापासून खूश होते.

व्यवहार ठरला. दोघांच्या नावावर घर, तेव्हा दोघांच्या सह्या. सह्यांच्या आदल्या संध्याकाळी हा स्टूल घेऊन बाथरूममध्ये शिरला. तोडणारच आहेत तर नव्या वस्तू कशाला सोडायच्या, त्याने त्या लोकांना विचारूनही घेतलं होतं. आरसा उतरवला, दिवा उतरवला. मी परात धरून उभी, तो एकेक वस्तू परातीत टाकत होता. मग तो स्टुलावरून उतरून दाराशी बसला आणि कडीचे स्क्रू सोडवायला लागला.

"ही तिकडे लावायची ना?" मी विचारलं. आवाज मी अगदी साधा काढला होता.

"तिकडे कुठे?"

"नव्या घरी. बाथरूमला."

"तिकडे आहे की. बांधणाऱ्यांनी लावूनच दिलीय." स्क्रू परातीत पडला. "ती उलट काढायचीय. सामान लागायच्या आधी पहिलं तेच काम. आता आपली वयं बघ. बाबांचं काय झालं ते बघितलंयस ना? आणि तू परवा आत बसलीस तेव्हा माझं काय झालं, मलाच माहीत."

मी त्याच्या मानेकडे बघत होते. मान घामेजली होती, केस मागून विरळ झाले होते. या मानेची काळजी मी कितीदा केली. लिफ्ट आहे, मुलीचं घर जवळ आहे, गॅलरीत ऊन येतं, असं मी स्वतःला दोन महिने सांगत होते. आणि तिथेही मी खोकणार होते. त्याच्यासाठी, दोघांतलं एक जाईपर्यंत. आणि तो आधी गेला तर एकटीच खोकत राहणार होते.

"मी उद्या सही करणार नाही," मी म्हटलं.

त्याने वळून पाहिलं. "काय?"

"तिकडची कडी काढणार असाल तर सही करणार नाही."

"एका कडीसाठी?"

"हो. एका कडीसाठी."

परात मी कमरेला टेकवून धरली. मी तयार होते. तो ओरडेल, मग मी सासऱ्यांच्या फोडलेल्या दाराचा विषय काढेन. तो बाबांवर जाऊ नकोस म्हणेल, मग मी सासूबाईंचं काढेन, आई गेली तो दिवस काढेन, मुलीचा एक्स-रे काढेन. कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द, सगळं मला पाठ होतं, सत्तावीस वर्षं मी ते आंघोळ करताना जुळवत आले होते. तो म्हणेल त्या प्रत्येक वाक्याला माझ्याकडे उत्तर होतं. त्याने स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने मान खाजवली.

"बरं, मग राहू दे," तो म्हणाला. "नाही काढत. त्यात काय एवढं?"

शेवटचा स्क्रू निघाला. त्याने कडी परातीत ठेवली, माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठला आणि जरा दुखावल्यासारखा, जरा लाडाने म्हणाला, "अगं, पण एवढी हवी होती तर आधी सांगायचं ना कधीतरी."

मी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच काही आठवत नव्हतं.